पातळ काही देऊ नका

ज्यांच्या नाकात आत्ता नळी आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यांच्या उशाशी थर्मास घेऊन बसलेल्या माणसांसाठी तर अधिकच.

मी डॉक्टर नाही. मी अन्नतंत्रज्ञ आहे. दिंडोरीच्या बाजूला असलेल्या एका कारखान्यात टोमॅटो सॉस, सूप आणि चटण्यांची नवी उत्पादने तयार करणे आणि त्यांचा घट्टपणा मोजणे हे माझे काम. पदार्थ किती वेगाने वाहतो, यावर माझा पगार ठरतो. अठ्ठाविसाव्या वर्षी माझे गिळणे बंद पडले. त्यानंतरच्या सात आठवड्यांत प्रश्न एकच होता: मी पुन्हा तोंडाने जेवणार की नाही. बाकी सगळे, म्हणजे आवाज, खांदा, नोकरी, रांगेत मागे उभे होते.

तीन तक्रारी, तीन फायली

आधी आवाज बसला. कारखान्यातल्या यंत्रांच्या गोंगाटात ओरडून बोलावे लागते, म्हणून बसला असेल, असे मानले. मग उजव्या खांद्यावरून पिशवी घसरू लागली. आई म्हणायची, "सरळ उभी राहा गं, लग्नाच्या फोटोत वाकडी दिसशील." लग्न ठरलेले नव्हते, पण आईच्या मनात फोटो तयार होता. शेवटी पाणी पिताना ठसका. आवाजासाठी गुळण्या, खांद्यासाठी हाडांचे डॉक्टर, ठसक्यासाठी ॲसिडिटीच्या गोळ्या. सात महिने तीन तक्रारी तीन फायलींत राहिल्या. त्या एका कागदावर कुणी मांडल्या नाहीत. मीही नाही, आणि याचा राग मला अजून आहे. कारखान्यात तीन दोष एकाच पाळीत दिसले, तर मी पहिल्या तासात विचारते, या तिघांचा उगम एकच आहे का? स्वतःच्या शरीराला तो प्रश्न विचारायला मला सात महिने लागले.

निदानाच्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून "आ" करायला सांगितले. मग पुन्हा सांगितले. मग बाहेर जाऊन आपल्या हाताखालच्या डॉक्टरला घेऊन आले आणि म्हणाले, "हे बघा." विज्ञान शिकलेल्या माणसाला ठाऊक असते, नेहमीच्या नमुन्यासाठी कुणी "हे बघा" म्हणत नाही. माझी पडजीभ मधोमध वर न जाता एका बाजूला ओढली जात होती.

एमआरआय झाल्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी पाकिटाच्या मागे आकृती काढली. कवटीच्या तळाशी प्रत्येक बाजूला एक लहान छिद्र असते. त्यातून तीन नसा बाहेर पडतात. घसा, स्वरयंत्र, मान आणि खांदा हा त्यांचा कारभार. माझ्या उजव्या छिद्रात गाठ होती. कर्करोगाची नव्हती, सावकाश वाढणारी होती, पण जागा तिने नेमकी निवडली होती. या अवस्थेला जुगुलर फोरामेन सिंड्रोम म्हणतात. नाव कळले तेव्हा मला रडू आले नाही, समाधान वाटले. तीन फायलींची एक फाईल झाली होती.

बाबांनी विचारले, "गाठ काढली की सगळं पहिल्यासारखं होईल ना?"

"गाठ काढू," डॉक्टर म्हणाले. "नसा किती ऐकतील, ते आज सांगत नाही."

बाबा नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये आहेत. प्रत्येक कागदाची तपासणी करण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी ते पाकीट घडी घालून खिशात ठेवले.

लाळ

शुद्धीवर आल्यावर मला पहिली गोष्ट कळली, ती ही की माणूस दिवसभर लाळ गिळत असतो आणि त्याला ते माहीत नसते. मला ते आता येत नव्हते. गाठ पूर्ण निघाली होती, पण नसा रुसल्या होत्या. तोंडात लाळ साचायची. दर काही मिनिटांनी वाटीत थुंकायचे, किंवा नर्सने बारीक नळीने ओढून घ्यायची. आवाजाच्या जागी नुसती हवा. बोलायचे ते फोनवर टाइप करून दाखवायचे.

दर दोन तासांनी नाकातल्या नळीतून दूध, डाळ, गाळलेली भाजी. आई पिचकारी उंच धरायची आणि ते आपल्या ओघाने खाली उतरायचे. मी त्याचा वेग बघत राहायची. "काय बघतेस?" आईने विचारले. मी टाइप केले, "मिक्सर नीट फिरवला नाहीस. गुठळ्या आहेत." आई कितीतरी दिवसांनी हसली. "नाकातून जेवतेय, तरी नावं ठेवायची खोड जात नाही."

गिळण्याच्या थेरपिस्ट नीलिमा मॅडम चौथ्या दिवशी आल्या. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट इथे ठळक लिहिते, कारण आपल्या घरांत ती कुणालाच पटत नाही. घशाच्या नसा दुबळ्या झाल्यावर घट्ट पदार्थापेक्षा पातळ पदार्थ धोक्याचा. पाणी सर्वांत वाईट. ते इतक्या वेगाने घसरते की श्वासनलिकेचे दार बंद व्हायच्या आत ते फुप्फुसाकडे वळलेले असते. घट्ट पदार्थ सावकाश उतरतो आणि दुबळ्या स्नायूंना वेळ देतो.

माझ्यासारखीला हे समजायला अर्धे मिनिट पुरले. कमी घट्टपणा, जास्त वेग. हे तर माझेच शास्त्र. बाराव्या दिवशी मी नळीसह घरी आले. परवानगी होती ती दिवसातून दोनदा, दोन चमचे घट्ट चक्क्याची.

दोनदा गाळलेली पेज

मनमाडहून आत्या आल्या. बाबांच्या मोठ्या बहीण. त्यांचे यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि आत्यांचा स्वभाव असा की गाडी उशिरा आली तर आधी स्टेशनमास्तरला जाब विचारायचा, मग पाहुणचार घ्यायचा. मला बघून त्या दारातच थांबल्या.

"काय गं हे, केतू! नाकातून कुणी जेवतं का?"

आई औषधांच्या दुकानात गेली होती. बाबा ड्यूटीवर. आत्यांनी पिशवीतून थर्मास काढला. तांदळाची पेज. तूप, जिरे, चिमूटभर मीठ.

"नुसती वरची निवळ हाय बघ. कपड्यातून दोनदा गाळलीय. शीत म्हणून राहू दिलं नाय. याला गिळावंसुद्धा लागत नाय, आपसूक उतरतं."

आपल्याकडे आजारी माणसासाठी जिवापाड काही करायचे म्हणजे ते पातळ करायचे. ताप आला, पेज. बाळंतीण, आळणी पाणी. दात पडले, कढण. जितकी माया जास्त, तितके पाणी जास्त. मला वाचवू शकणारी प्रत्येक गोष्ट आत्यांनी दोनदा गाळून बाजूला काढली होती.

आणि मला हे माहीत होते. आत्यांना दोष देणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. पण आत्यांच्या डोळ्यांत पाणी होते, तुपाचा वास येत होता, आणि तीन आठवडे माझ्या जिभेला मीठ लागले नव्हते. मी चार चमचे प्यायले. ठसका लागला नाही. जरासुद्धा नाही. मी वहीत लिहिले: "पातळ, चार चमचे. खोकला शून्य."

ज्या उपकरणाची तपासणी झालेली नाही, त्याने दाखवलेले शून्य हे शून्य नसते. कारखान्यात नव्याने आलेल्यांना मी हे पहिल्याच दिवशी शिकवते. माझ्या घशाची संवेदनाच गेली होती. पेज फुप्फुसात उतरत होती आणि धोक्याची घंटा वाजवणारी तारच तुटलेली होती.

तिसऱ्या दिवशी एकशे तीन ताप. न्यूमोनिया. पुन्हा तेच रुग्णालय, आता ऑक्सिजनसह.

बाहेरच्या बाकावर आईचा आवाज चढला. "ताई, फोनवर दहा वेळा सांगितलं होतं. पातळ काही देऊ नका म्हणून!"

"अगं, मला वाटलं, पातळ म्हणजे चहा-बिहा. पेज म्हणजे काय पातळ का? पेज म्हणजे औषध!"

मी नर्सकडून फोन मागून घेतला, आईला आत बोलावले आणि टाइप केले, "त्यांनी पाजली नाही. मी प्यायले." आईने वाचले, फोन पालथा ठेवला आणि दोन दिवस आमच्या दोघींशीही धड बोलली नाही.

तीन आठवडे

ताप उतरल्यावर डॉक्टर म्हणाले, "नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. आता पोटातून नळी घालू. छोटी शस्त्रक्रिया आहे. तुमच्याच भल्याची."

मी टाइप केले, "किती दिवस?"

"सांगता येत नाही. काहींना कायमची."

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. पोटातली नळी हा पराभव नव्हे. ती लावून लोक नोकऱ्या करतात, मुले वाढवतात, भांडतात. ज्यांना लागते त्यांनी ती खुशाल लावावी. माझा विरोध नळीला नव्हता, अंदाजाने निर्णय घेण्याला होता. मी लिहिले, "मला तीन आठवडे द्या. शेवटी गिळण्याचा एक्स-रे करा. त्यात नापास झाले, तर त्याच दिवशी सही करते."

डॉक्टरांनी नीलिमा मॅडमकडे पाहिले. त्यांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून माझा घसा तपासला होता. त्या म्हणाल्या, "मान उजवीकडे पूर्ण वळवून गिळलं, तर घट्ट पदार्थ डाव्या, चांगल्या बाजूने उतरतो. पातळ मात्र अजिबात नाही. ही करू शकेल. पण पुन्हा ताप आला, तर मीच नळीच्या बाजूने बोलेन."

अट मान्य झाली.

घट्ट पदार्थ म्हणजे नेमके काय, हा पुढचा प्रश्न. पाणी घट्ट करायची भुकटी बाजारात मिळते, पण तिच्या चवीने मला उमासे येत. वॉर्डात काम करणाऱ्या काशीमावशी पेठ तालुक्याच्या बाजूच्या. माझी चादर बदलताना त्यांनी माझे वाकडे झालेले तोंड पाहिले.

"नागलीचं सत्त्व कर की. आमच्याकडं लेकराला तेच देत्यात. चमचा उभा राह्यला पायजे. पातळ झालं का लेकरू ठसकतं."

अन्नतंत्रज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या मुलीला हे सुचले नव्हते. नागली, म्हणजे नाचणी, हा उत्तम स्टार्च. मी मावशींना हात जोडले. त्या म्हणाल्या, "हात काय जोडतीस? पाय उचल, चादर अडकलीय."

उष्टं

घरी आल्यावर मी स्वयंपाकघराची प्रयोगशाळा केली. दहा मिलीची पिचकारी घ्यायची, दट्ट्या काढायचा, तिच्या खालच्या टोकावर बोट ठेवून ती दहापर्यंत भरायची, बोट काढायचे आणि दहा सेकंद मोजायचे. आत आठ मिलीहून अधिक उरले, तर मी खायचे. कमी उरले, तर परत पातेल्यात. हा आकडा मॅडमनी माझ्यासाठी ठरवलेला. तुमचा वेगळा असेल, तो तुमच्या थेरपिस्टलाच विचारा. फ्रिजवर मी मोठ्या अक्षरांत कागद लावला: पातळ काही देऊ नका. खाली बारीक अक्षरांत: तीर्थसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी आत्या पुन्हा दारात. हातात थर्मास नव्हता. आईने पाणी दिले, पण बसा म्हटले नाही. आत्या स्वतःच बसल्या.

"मला शिकव," त्या मला म्हणाल्या. "ज्या हातानं चुकलं, त्याच हातानं करते. नाय जमलं, तर परतीची गाडी हायच."

आईने माझ्याकडे पाहिले. मी पिचकारी आत्यांच्या हातात दिली.

त्या पहिल्या जेवणाला आत्या माझ्या डाव्या बाजूला बसल्या. मी मान उजवीकडे पूर्ण वळवून घास घेतला. आत्यांनी हातातली पिचकारी खाली ठेवली.

"इतका राग? तोंड फिरवून जेवतेस?"

आई फिस्सकन हसली. "अहो ताई, तिला तसंच गिळावं लागतं. तुम्ही उजवीकडे या." आत्या खुर्ची उचलून उजवीकडे आल्या, आणि त्या दोघी त्या दिवसापासून पुन्हा बोलू लागल्या.

आत्यांना मोजायचे वेडच लागले. "आठ पूर्णांक सहा. सोडा गाडी!" असे स्वयंपाकघरातून ऐकू यायचे. मी दर वेळी चमच्यांची संख्या, लागलेला वेळ आणि तापमान वहीत लिहायची. आठव्या दिवशी घोटाळा झाला. सुरुवातीला साडेआठ मिली दाखवणारी वाटी अर्ध्या तासाने पाचवर आली. वाटी तीच, सत्त्व तेच.

"मी काय केलं नाय हां!" आत्या घाबरल्या. "पाण्याचा थेंब घातला नाय!"

खरे होते. मी वाटीकडे पाहत बसले आणि मग स्वतःवरच चिडले. लाळेत स्टार्च फोडणारे एन्झाइम असते. तोंडातला चमचा वाटीत परत बुडवला की ते वाटीत शिरते आणि घट्ट पदार्थ आपोआप पातळ होत जातो. मी सावकाश जेवत होते, म्हणून त्याला भरपूर वेळ मिळत होता. पहिल्या सत्रात शिकलेली गोष्ट. मी एन्झाइम, स्टार्च, साखळ्या असे सगळे फोनवर टाइप करून दाखवले. आत्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले.

"म्हणजे उष्टं," त्या म्हणाल्या.

हो. म्हणजे उष्टं.

"मग तसं सांग की! एवढं पुराण कशाला? उष्टा चमचा वाटीत घालू नये, हे मला माझ्या सासूनं शिकवलंय."

त्या दिवसापासून प्रत्येक घासाला नवा चमचा. ताटाशेजारी चाळीस चमचे मांडलेले असायचे, शेजारून मागून आणलेलेसुद्धा. बाबांनी संध्याकाळी ते धुवायचे काम आपणहून घेतले आणि एकेक चमचा दिव्यासमोर धरून तपासू लागले. माझ्या शास्त्राला जी शिस्त आठ दिवसांत लावता आली नव्हती, ती आत्यांच्या एका शब्दाने लागली. वाटी शेवटच्या घासापर्यंत आठच्या वर राहू लागली.

तिसऱ्या आठवड्यात निम्म्याहून अधिक अन्न तोंडाने जाऊ लागले. दीड किलो वजन वाढले. ताप एकदाही नाही. याच काळात कार्यालयातून फोन आला: नव्या उत्पादनांच्या विभागप्रमुखपदासाठी माझे नाव होते, पण "तब्येत बघता" ते दुसऱ्याला द्यावे का? फोन आईने उचलला होता. मी टाइप केलेले तिने जसेच्या तसे वाचून दाखवले: "निर्णय महिनाभर थांबवा. तब्येत मी बघते आहे, तीही आकड्यांत."

पडद्यावर

चाचणीच्या आदल्या दिवशी आत्या मनमाडला परत गेल्या. "मला तो पडदा बघवणार नाय. काय व्हायचं ते फोनवर सांग. चांगलं असलं तरी, वाईट असलं तरी. आणि तूच सांग, आईकडून नको." माझा आवाज तोवर जाडसर कुजबुजीइतका परतला होता.

एक्स-रेच्या खोलीत पांढरे औषध मिसळलेले घास देतात आणि ते उतरताना पडद्यावर दिसतात. पहिला घास खिरीसारखा. मान उजवीकडे. पडद्यावर काळी रेघ डावीकडून सरळ खाली. दुसरा, थोडा सैल. खाली. तिसरा, चौथा. शेवटी मॅडमनी पातळ द्रवाचा अर्धा चमचा दिला. "हा नापास होणार, हे मला माहीत आहे. मला दुसरं काही बघायचंय."

द्रव घसरला. एक बारीक धागा चुकीच्या वाटेकडे वळताना मी स्वतः पाहिला. आणि मी खोकले. जोरात, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, खुर्ची हलेस्तोवर खोकले. धागा परत वर फेकला गेला.

आई काचेमागे उभी होती. तिला वाटले, संपले. पण मॅडम टाळी वाजवत होत्या. तार जुळत होती. घशाला धोका कळू लागला होता.

डॉक्टरांनी चित्रफीत पाहिली, माझी वही पानापानाने चाळली आणि विचारले, "हे सगळं मोजलं कोणी?"

"घरच्यांनी," मी म्हणाले. आवाज फाटका होता, पण माझा होता.

"पाणी अजून सहा महिने घट्ट करूनच प्यायचं. दर महिन्याला तपासणी. कबूल?"

"कबूल."

"मग सही कशाला घेऊ?" ते नर्सकडे वळले. "नाकातली नळी काढा."

नळी काढायला चार सेकंद लागतात. घरी येऊन मी पिठले मागितले. सुरीने कापता येईल इतके घट्ट, लसूण न टाकता, नीट घोटलेले. बाबा समोर चमचे मांडत होते. मी पाच घास घेतले आणि आत्यांना फोन लावला.

पहिल्याच घंटेला उचलला. "बोल."

"खाल्लं."

"तोंडानं?"

"तोंडानं. नळी काढली."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

"अजून उरलंय का ताटात?"

"आहे."

"मग ठेव फोन," आत्या ओरडल्या. "जेवताना बोलायचं नाय, असं मॅडमनी सांगितलंय ना तुला!"